अंतर तेवढेच, वाट मात्र लांबली

दिल्लीहून बंगळुरूपेक्षा ताश्कंद जवळ आहे. सरळ हवाई अंतर मोजले तर बंगळुरू सुमारे १,७०० किलोमीटर भरते, ताश्कंद १,६०० च्या आतबाहेर आणि कझाकस्तानातले अल्माटी साधारण १,६५०. एप्रिल २०२५ पर्यंत इंडिगोची विमाने दिल्लीहून या दोन्ही शहरांना नियमित जात होती आणि प्रवास तीनेक तासांचा होता. पहलगाममधील हल्ल्यानंतर तणाव वाढला, २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि त्याच आठवड्यात दोन्ही सेवा थांबवाव्या लागल्या. उरलेल्या मार्गांनी जायचे तर ही शहरे आपल्याकडच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर जातात, असे कंपनीने सांगितले. नकाशा पुढे घेतला की हे लगेच पटते. उत्तरेला तिबेटचे पठार आडवे येते. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान झपाट्याने दहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे माणसाला नीट श्वास घेता येईल इतके खाली आणावे लागते. तिबेटवर ते शक्य नाही, कारण तिथली जमीनच त्याहून उंच आहे. पश्चिमेने जायचे तर आधी नैर्ऋत्येला गुजरात गाठायचा, मग अरबी समुद्र, आखात, इराण आणि तुर्कमेनिस्तान ओलांडून उत्तरेला वर चढायचे. तीन तासांच्या प्रवासासाठी नेमलेल्या लहान विमानाला हा घेर झेपत नाही.

याच काळात परदेशी कंपन्यांच्या विमानांना तीच वाट मोकळी होती. मे महिन्यात भारत-पाकिस्तानमध्ये प्रत्यक्ष लढाई पेटली होती ते दिवस सोडले, तर दिल्लीहून युरोपला निघालेल्या परदेशी विमानाला लाहोरच्या दिशेने वळायला परवानगी होती. काही परदेशी कंपन्यांनी आपणहून तो मार्ग काही काळ टाळला, पण तो त्यांचा निर्णय होता. त्याच धावपट्टीवरून, त्याच तासाला उडालेल्या भारतीय विमानाला मात्र राजस्थान आणि गुजरातवरून समुद्र गाठावा लागत होता. फरक होता तो विमानाच्या मागच्या अंगावर रंगवलेल्या नोंदणीच्या अक्षरांचा. भारतीय विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होते, पाकिस्तानी विमानांची ‘एपी’ने. ३० एप्रिलला भारतानेही ‘एपी’ अक्षरांना आपले आकाश बंद केले. पुढे दोन्हीकडून साधारण महिनाभराच्या मुदतीचे नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना, निघत राहिले आणि मुदत संपत आली की वाढत राहिले. माझे म्हणणे असे आहे : धोका आहे म्हणून बंद केलेले आकाश सगळ्यांनाच बंद असले पाहिजे, आणि जे आकाश इतरांना खुले आहे ते केवळ देश पाहून प्रवासी विमानांना बंद करण्याची मुभा कोणत्याही सरकारला असू नये. हा नियम भारताने जगाकडे मागावा आणि स्वतःही पाळावा.

दोन विमानतळांमधल्या अंतरावरून प्रवासाचा वेळ काढता येत नाही, हे विमान चालवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की जी रेघ मिळते ती सर्वांत जवळची वाट. पण त्या वाटेवर वारा कुठून वाहतो यावर वेळ ठरतो. याचे फार बोलके उदाहरण एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये घालून दिले. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान तोपर्यंत अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती आणि वेळ लागे १७ तासांच्या आसपास. मग विमान उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायचे ठरले. वाट १५,३०० किलोमीटरच्या घरात गेली, म्हणजे जवळजवळ चौदाशे किलोमीटरने वाढली, आणि प्रवास मात्र साडेचौदा तासांत संपला. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा पूर्वी तोंडावर येत होता, तो आता पाठीशी आला. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ घोंगावत असताना ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले तेही याच वाऱ्याच्या जोरावर. मुंबईहून लंडनला जाताना लागणारा वेळ येताना कमी होतो, त्याचेही कारण हेच. या घटबढीबद्दल कोणाची तक्रार नसते. वारा कोणत्याही देशाचे विमान ओळखत नाही, आणि त्याचा अंदाज घेऊन वाट आखता येते.

माणसाने घातलेल्या अडथळ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती हेलसिंकी ते टोकियो या एका मार्गावर जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल. सरळ अंतर आठ हजार किलोमीटरपेक्षा थोडे कमी. ती जवळची रेघ जाते रशियावरून. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य विमानांना जवळजवळ बंदच होते, त्यामुळे युरोपातून जपानला जाणारी विमाने अलास्कातल्या अँकरेजला थांबून, इंधन भरून पुढे जात. फिनएअरने १९८३ मध्ये डीसी-१० विमानाने उत्तर ध्रुवावरून न थांबता टोकियो गाठायला सुरुवात केली, तेव्हा सुमारे १३ तास लागत. पुढे सोव्हिएत संघाने दारे किलकिली केली, मग तो संघच मोडला, सायबेरियावरची वाट खुली झाली आणि हा प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. त्या तीन-साडेतीन तासांच्या बचतीवर फिनलंडने आपले विमानतळ युरोप आणि पूर्व आशिया जोडणारे मोठे ठाणे म्हणून उभे केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियाने तसेच उत्तर दिले, आणि फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून किंवा दक्षिणेच्या लांबच्या वाटेने १३ तास उडू लागली. चाळीस वर्षांत विमाने जास्त पल्ल्याची आणि कमी इंधन खाणारी झाली होती. प्रवासाचा वेळ मात्र १९८३ च्या आकड्यावर परत गेला. चिनी कंपन्यांची विमाने तेव्हाही सायबेरियावरून सरळ युरोपला येत होती, आणि एअर इंडियाची विमानेही रशियावरून अमेरिकेला जात होती. म्हणजे त्या वेळी अक्षरांचा फायदा आपल्या बाजूने होता. अमेरिकी कंपन्यांना भारताकडच्या काही थेट सेवा बंद ठेवाव्या लागल्या तेव्हा आपल्याकडे त्यात गैर काही वाटले नाही. तीन वर्षांनी तोच प्रकार आपल्या वाट्याला आला.

कायदा याबद्दल काय म्हणतो? १९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम सांगते की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. त्याच वर्षी त्याच शहरात दुसरा एक करार झाला. त्यात सही करणारी राष्ट्रे एकमेकांच्या नियमित प्रवासी विमानांना न उतरता आकाश ओलांडण्याचा हक्क देतात. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्यात आहेत. रशिया आणि चीन नाहीत. मुख्य कराराचे नववे कलम अधिक लक्ष देऊन वाचण्याजोगे आहे. अपवादात्मक परिस्थितीत किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी आकाश तात्पुरते बंद करण्याचा हक्क ते प्रत्येक राष्ट्राला देते, पण अशी बंदी इतर सर्व राष्ट्रांच्या विमानांना राष्ट्रीयत्वाचा भेद न करता लागू असावी, अशी अटही घालते. युद्ध आणि आणीबाणीच्या काळासाठी करारात वेगळी सूट आहे आणि सरकारे तिच्या आडोशाला जातात. तरी मूळ विचार स्वच्छ आहे. धोक्याचे आकाश सर्वांना धोक्याचे असते, म्हणून बंदीही सर्वांना हवी.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. आकाश कधीच बंद करू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट, खऱ्या धोक्याच्या वेळी सरकारे आकाश बंद करायला कचरतात, हा दोष जास्त जीवघेणा ठरला आहे. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. त्या भागातले आकाश ३२ हजार फुटांपर्यंत बंद होते. ते विमान ३३ हजार फुटांवर होते. जानेवारी २०२० मध्ये तेहरानजवळ युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्राने पडले, १७६ जण गेले. तासाभरापूर्वी दोन्हीकडचे आकाश पूर्ण बंद केले असते तर ही माणसे आज असती. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष भडकला त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले विमान वाटेतून परत मुंबईला आणावे लागले. प्रवाशांचे हाल झाले, पण निर्णय योग्यच होता. आकाशबंदीचे हत्यार रागलोभासाठी वापरू नये, असे मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे. बंदी दबावासाठी आहे की धोक्यामुळे, हे कळेनासे झाले की खऱ्या धोक्याच्या सूचनेचेही वजन उतरते.

पहिला आक्षेप इतिहासातून येतो आणि तो भक्कम आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेले गेले आणि तिथे जाळण्यात आले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले. तेव्हा पाकिस्तानचे दोन भाग होते आणि मध्ये भारत होता. कराची ते ढाका हे सुमारे २,४०० किलोमीटरचे अंतर पाकिस्तानी विमानांना श्रीलंकेला वळसा घालून कापावे लागू लागले, आणि ती वाट जवळजवळ दुप्पट लांबीची होती. त्या वर्षी पूर्वेला जे घडणार होते ते पाहता या बंदीचा भारताला उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग तेच हत्यार आता का टाकायचे? कारण नकाशा उलटला आहे. १९७१ मध्ये पाकिस्तानच्या दोन अंगांमध्ये भारत होता. आज भारत आणि युरोप-अमेरिका यांच्यामध्ये पाकिस्तान आहे. पाकिस्तानची राष्ट्रीय विमान कंपनी लहान आहे आणि पूर्वेला तिची मोजकीच विमाने जातात. भारताच्या कंपन्यांनी मात्र शेकडो नव्या विमानांच्या मागण्या नोंदवल्या आहेत आणि पश्चिमेकडचा त्यांचा पसारा वर्षागणिक वाढतो आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे, बालाकोटवरील हवाई हल्ल्यानंतर फेब्रुवारी ते जुलै २०१९ आणि नंतर २०२५ मध्ये आकाशे बंद झाली, त्यातल्या प्रत्येक खेपेला आपल्याला बसणारा चटका आधीपेक्षा मोठा होत गेला. २०१९ च्या बंदीत २ जुलैपर्यंत एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २०२५ ची बंदी वर्षभर टिकली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज कंपनीने सरकारला कळवल्याच्या बातम्या आल्या.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांना वेचून मारले गेले. अशा वेळी विमानाच्या वाटांची चर्चा कसली करता, असे विचारणाऱ्याचा राग समजतो. शिवाय आकाश बंद करण्यात पुढाकार पाकिस्तानचा होता, आपण फक्त उत्तर दिले. हे दोन्ही मान्य. पण या बंदीने दहशतवाद पोसणाऱ्या एकाही माणसाचा काय तोटा झाला, हे कोणी दाखवून द्यावे. तोटा झाला तो दिल्लीहून टोरँटोला मुलीकडे निघालेल्या आईबापांचा आणि अमृतसरहून लंडनला जाणाऱ्या कामगाराचा. पाकिस्तानच्या विमानतळ प्राधिकरणालाही दोन-सव्वादोन महिन्यांत ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न गमवावे लागल्याचे त्या देशाच्या संसदेत सांगण्यात आले, कारण ओलांडणारी विमाने शुल्क भरतात. ज्यांच्यावर दबाव आणायचा त्यांनी ही रक्कम निमूट सोसली आणि बंदी वाढवत राहिले. व्यापार, व्हिसा, क्रिकेट अशा गोष्टींवर सरकारने कठोर भूमिका घ्यावी की नाही हा स्वतंत्र वाद आहे. ती भूमिका घेताना परदेशी विमान जिथून जाऊ शकते तिथून आपल्याच माणसांचे विमान जाऊ शकत नाही, अशी स्थिती कायम ठेवण्याची गरज नाही. हेरगिरीची भीती पुढे करणाऱ्यांनाही हेच सांगावे लागेल. प्रवासी विमान ठरलेल्या मार्गावरून, ठरलेल्या उंचीवरून आणि दोन्हीकडच्या रडारच्या नजरेखाली जाते. ती भीती खरी असती तर तिसऱ्या देशांच्या विमानांनाही वाट मिळाली नसती.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो : तास-दीड तास जास्त लागला तर बिघडले काय, परदेशी जाणाऱ्याला तेवढे सोसते. सोसते की नाही हे वाढीव तासात विमानात काय घडते ते पाहून ठरवावे. बोइंग ७७७ सारखे मोठे विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन जाळते. एक किलो इंधनामागे तीन किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका विमानाचा एक वाढीव तास म्हणजे बावीस-पंचवीस टन. तेवढ्यावर भागत नाही. जास्त वेळ उडायचे तर जास्त इंधन सोबत घ्यावे लागते, त्या इंधनाचे ओझे वाहून नेण्यातच आणखी इंधन जळते, आणि एकूण वजनाची कमाल मर्यादा काही हलत नाही. मग दोनच गोष्टी कमी करता येतात, माल आणि माणसे, आणि सहसा पहिली पाळी मालाची येते. वाशीच्या कृषी पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण करून अमेरिकेला जाणारा आपला हापूस मुख्यतः विमानाच्या पोटातून जातो, आणि त्याचा हंगाम एप्रिल ते जून एवढाच. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही कायद्याची मर्यादा आहे. प्रवास त्या मर्यादेपलीकडे गेला की वाटेत कुठेतरी उतरून दुसरा चमू चढवावा लागतो; दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमाने २०२५ मध्ये व्हिएन्नाला थांबू लागली ती इंधनासाठी आणि चमू बदलण्यासाठी. काही मार्ग तर तगतच नाहीत. २०१९ मध्ये इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला दोह्याला थांबावे लागत होते. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा बंद केली, तेव्हा विमानांच्या नूतनीकरणामुळे पडलेल्या तुटवड्याबरोबर पाकिस्तानचे बंद आकाश हे कारण दिले होते. जो प्रवासी परदेशी कंपनीचे तिकीट काढू शकतो तो निभावून नेतो. भारतीय कंपनी मात्र त्याच्या पसंतीतून उतरते आणि एकदा गेलेला प्रवासी सहजी परत येत नाही.

यावर सहज म्हणता येईल की शेजारी ऐकणार नसेल तर नियम मागून उपयोग काय. उपयोग होतो, आणि त्याचा दाखला आपल्याच वादातून मिळतो. १९७१ च्या बंदीविरुद्ध पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या परिषदेकडे गेला. या परिषदेला असा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, असा पवित्रा भारताने घेतला आणि तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेला. ऑगस्ट १९७२ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला आणि परिषदेचा अधिकार मान्य झाला. तोच निकाल जवळजवळ पन्नास वर्षांनी कतारच्या कामी आला. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारच्या विमानांना आकाश बंद केले होते. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितले की इकाओच्या परिषदेला हा वाद ऐकता येतो, आणि जानेवारी २०२१ मध्ये समेट होऊन आकाश उघडले. समेटाची कारणे अर्थातच अनेक होती. तरी एका लहान देशाला न्याय मागायला एक दार होते, आणि ते दार मुळात भारत-पाकिस्तान वादातून उघडले गेले होते. आपल्यातल्या तंट्यांतूनही आकाश परत खुले झाल्याची उदाहरणे आहेत. १९६५ च्या युद्धात थांबलेली उड्डाणे ताश्कंद करारानंतर, फेब्रुवारी १९६६ मध्ये सुरू झाली. १९७१ ची बंदी १९७६ मध्ये उठली. २००२ ची १ जानेवारी २००४ रोजी. ती दर वेळी दोन्ही बाजूंच्या संमतीने उठली, आणि त्यात कोणाचा मान गेला असे तेव्हाही कोणी म्हटले नाही.

म्हणून भारताने आता दोन पावले उचलावीत. इकाओच्या परिषदेवर भारत निवडून आलेला सदस्य आहे. नवव्या कलमातली राष्ट्रीयत्वाचा भेद न करण्याची अट नियमित प्रवासी विमानांच्या बाबतीत काटेकोर करावी, आणि एका देशापुरती बंदी ठरावीक दिवसांपलीकडे वाढवायची झाल्यास तिचे सुरक्षेचे कारण परिषदेपुढे लेखी मांडणे बंधनकारक करावे, असा ठराव भारताने आणावा. रशियामुळे अडकलेले फिनलंड आणि जपान, कधीकाळी कोंडला गेलेला कतार, असे पाठीराखे शोधायला लांब जावे लागणार नाही. दुसरे पाऊल घरचे आहे. पुढच्या नोटामची मुदत संपण्याआधी, पाकिस्तान तसेच करणार असेल तर त्याच दिवसापासून प्रवासी विमानांपुरती आपली बंदी उठवायला आम्ही तयार आहोत, असे भारताने जाहीरपणे सांगावे. सिंधूचे पाणी, व्यापार, व्हिसा यांतले काहीही या प्रस्तावाशी बांधू नये. पाकिस्तानने नकार दिला तर बंदीचा खुलासा करण्याची पाळी त्याच्यावर येईल, आणि इकाओपुढे जाताना भारताच्या हातात तो नकार असेल.